कळफलक आपल्या हाताचा : शॉर्टकट समजून घेणे आणि बदलणे

संगणकाच्या कळफलकावर ‘क्यू’च्या शेजारी ‘डब्ल्यू’ का आहे, असा प्रश्न वर्गात सहसा कोणी विचारीत नाही. मांडणी पहिल्यापासून अशीच असणार, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र कोणत्याही मांडणीला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ती कोणी केली? केव्हा केली? कोणाच्या सोयीसाठी केली? या तिन्हींची उत्तरे मिळाली की चौथा प्रश्न आपोआप पुढे येतो : ती आपल्या सोयीने बदलता येईल काय? कळफलकाच्या बाबतीत या चौथ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. तो बदल कसा करावा, कोठे करू नये आणि सामाईक यंत्रावर कोणत्या शिस्तीने करावा, हा या पाठाचा विषय आहे.

निवासी शाळेत या विषयाला वेगळे महत्त्व आहे. ढाणकी, उमरखेड आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांच्या गावांतून येणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरी संगणक नसतो. आठवड्यातील मोजके तास आणि एका यंत्रासमोर दोघे-तिघे, अशा स्थितीत हाती येणारे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. एक शब्द ठळक करण्यासाठी माउस शोधणे, बाण वरच्या पट्टीपर्यंत नेणे, नेमके चिन्ह दाबणे आणि पुन्हा ओळीवर येणे, यात हात चार वेळा हलतो. ‘कंट्रोल’ आणि ‘बी’ एकत्र दाबले की तेच काम हात न उचलता होते. एका पानात अशी कामे पन्नास वेळा करावी लागली, तर वाचलेला वेळ मजकुराकडे देता येतो. पुढे लिपिक-टंकलेखक पदाची वाट धरणाऱ्यांना मराठी टंकलेखनाचा ताशीव वेग, म्हणजे मिनिटाला ३० शब्द, गाठावा लागतो. इंग्रजीसाठी तो ४० शब्द आहे. तेव्हा बोटांची सवय हीसुद्धा एक शिदोरी आहे.

१. कळा कोठून आल्या?

अमेरिकेतील ख्रिस्टोफर शोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टंकलेखन यंत्रावर केलेल्या कामातून आजची इंग्रजी मांडणी घडत गेली. रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र १८७४ मध्ये बाजारात आणले. त्यावर केवळ मोठी अक्षरे उमटत. १८७८ च्या दुसऱ्या यंत्रात मोठी आणि लहान अशी दोन्ही अक्षरे आली. एक कळ दाबली की यंत्राचा भाग प्रत्यक्ष सरकत असे, म्हणून त्या कळेचे नाव ‘शिफ्ट’ पडले. आज संगणकात काहीही सरकत नाही, तरी नाव टिकून आहे.

संगणकाच्या काळात या कळांना आज्ञांचे काम मिळाले. १९७४-७५ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ नावाची लेखन-प्रणाली तयार केली. मजकूर कापणे, उचलणे आणि दुसरीकडे ठेवणे ही पद्धत तेथे रूढ झाली. पुढे १९८३ च्या ‘ॲपल लिसा’ संगणकावर या आज्ञांना झेड, एक्स, सी आणि व्ही या चार शेजारच्या कळा मिळाल्या. आयबीएमच्या परंपरेत त्याच कामांसाठी शिफ्ट + डिलीट, कंट्रोल + इन्सर्ट आणि शिफ्ट + इन्सर्ट अशा वेगळ्या जोड्या होत्या. त्या आजही पुष्कळ ठिकाणी चालतात. म्हणजे एकाच कामाला दोन रिवाज होते; त्यांतला एक सार्वत्रिक झाला.

याच इतिहासातील आणखी एक उदाहरण विचार करण्यासारखे आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीवर काम करणारे अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांनी यंत्र पुन्हा सुरू करण्यासाठी कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा निवडल्या. त्या काळच्या कळफलकावर त्या एका हाताने सहज दाबता येत नसत. हे मुद्दाम केले होते, कारण चुकून हात लागून चालू काम नष्ट होऊ नये. यातून शॉर्टकट निवडण्याचे पहिले सूत्र मिळते : जे काम वारंवार करायचे ते सोपे असावे आणि ज्याने नुकसान होऊ शकते ते अवघड असावे.

२. मराठीच्या दोन वाटा

मराठीत टंकलेखनाच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली रेमिंग्टन पद्धतीची. तहसील कचेरीच्या आवारात अर्ज टंकून देणाऱ्या कित्येक हातांची ती सवय आहे. या पद्धतीत डोळ्याला जसे दिसते तसे लिहिले जाते. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर, कारण कागदावर वेलांटी डावीकडे असते. अर्ध्या अक्षरांनाही वेगळ्या कळा आहेत.

दुसरी वाट ‘इनस्क्रिप्ट’ची. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ही मांडणी निश्चित केली, १९८८ मध्ये तीत सुधारणा झाली आणि १९९१ च्या भारतीय मानक १३१९४ मध्ये तिला स्थान मिळाले. येथे कान जसे ऐकतो तसे लिहिले जाते : आधी ‘क’, मग वेलांटी. डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने. वर्णमालेचा क्रमही या मांडणीत जपलेला आहे. ‘के’च्या कळेवर ‘क’ असेल, तर शिफ्टसह तीच कळ ‘ख’ देते. ‘एच’वर ‘प’, शिफ्टसह ‘फ’. ‘वाय’वर ‘ब’, शिफ्टसह ‘भ’. ‘ओ’वर ‘द’, शिफ्टसह ‘ध’. अल्पप्राण आणि महाप्राण या जोड्या ज्याला व्याकरणाच्या तासाला कळल्या, त्याला निम्मा कळफलक न शिकता येतो. ‘बुद्ध’ हा शब्द लिहायचा तर कळांचा क्रम असा : वाय, जी, ओ, डी आणि शिफ्टसह ओ. यातील ‘डी’ ही कळ हलन्ताची, म्हणजे दोन व्यंजने जोडणारी आहे.

या दोन वाटांपैकी कोणती चांगली, यावर वाद घालण्यापेक्षा एक निवडून तिच्यावर बोटे बसवणे हिताचे. नव्याने आरंभ करणाऱ्याने इनस्क्रिप्ट घ्यावी, असे माझे मत आहे. ती विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींत मिळते आणि हीच मांडणी इतर भारतीय लिप्यांनाही लागू पडते. मराठीत ‘क’ जेथे आहे तेथेच तेलुगूतील ‘क’ आहे.

३. अक्षराने नव्हे, जागेने

शॉर्टकट शिकवताना ‘सी म्हणजे कॉपी, पी म्हणजे प्रिंट’ असे पाठ करून घेतले जाते. इंग्रजी ज्याला सहज येते त्याला याचा आधार वाटतो. मराठी माध्यमाच्या मुलाला मात्र आधी इंग्रजी शब्द आठवावा लागतो, मग त्याचे पहिले अक्षर. शिवाय मजकूर ठेवण्याच्या आज्ञेला ‘व्ही’ ही कळ का, याचे उत्तर इंग्रजीच्या शब्दकोशातही सापडत नाही. ती कळ ‘सी’च्या शेजारी आहे, हेच तिचे मोठे कारण.

म्हणून हे शॉर्टकट जागेने लक्षात ठेवावेत. डाव्या हाताची करंगळी कंट्रोलवर ठेवावी. खालच्या ओळीत डावीकडून चार कळा : पहिली केलेले उलटवते, दुसरी कापते, तिसरी उचलते, चौथी ठेवते. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट चालू असतानाही या आज्ञा त्याच जागी राहतात. ‘सी’च्या कळेवर त्या वेळी ‘म’ असतो, तरी कंट्रोलसह ती दाबली की मजकूर उचललाच जातो. अक्षर बदलते, जागा बदलत नाही.

कंट्रोल + एस, म्हणजे काम जतन करणे, हा शॉर्टकट मात्र सर्वांत आधी शिकवावा. वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावात प्रत्येक परिच्छेदानंतर बोटांनी आपोआप करावी अशी ही कृती आहे.

४. बदल कसा करावा?

शॉर्टकट तीन पातळ्यांवर असतात. काही संपूर्ण प्रणालीचे, काही एखाद्या सॉफ्टवेअरचे आणि काही एखाद्या दस्तऐवजापुरते. बदल करण्यापूर्वी आपण कोणत्या पातळीवर आहोत हे ओळखावे.

प्रणालीची पातळी. विंडोजमध्ये विंडोज-कळ आणि स्पेस बार एकत्र दाबल्यास भाषा बदलते. तीन-चार कळफलक जोडलेले असले, तर हवा तो येईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे लागते. ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’मधील ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ या ठिकाणी मराठीला एक आणि इंग्रजीला दुसरी अशी स्वतंत्र जोडी देता येते. मग पडद्याच्या कोपऱ्यात पाहावे लागत नाही. डेस्कटॉपवरील एखाद्या चित्रचिन्हावर उजवी टिचकी देऊन ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास तेथे ‘शॉर्टकट की’ अशी चौकट असते. तीत एक अक्षर दाबले की प्रणाली स्वतःच त्यापुढे कंट्रोल + आल्ट जोडते आणि तो कार्यक्रम कळांनी उघडता येतो.

सॉफ्टवेअरची पातळी. लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झाले. शाळांना त्याचा परवाना विकत घ्यावा लागत नाही. त्याच्या ‘रायटर’मध्ये ‘टूल्स’, मग ‘कस्टमाइझ’, मग ‘कीबोर्ड’ असा मार्ग आहे. वरच्या यादीत कळा आणि त्यांची सध्याची कामे दिसतात. फिकट दिसणाऱ्या कळा राखीव असतात. त्यांना हात लावता येत नाही. बदल सर्व लिबरऑफिससाठी आहे की केवळ रायटरसाठी, हे बाजूला निवडावे. नंतर मोकळी कळ निवडावी, खालून कामाचा प्रकार आणि काम निवडावे व ‘असाइन’ दाबावे. जुन्या आवृत्तीत त्या जागी ‘मॉडिफाय’ असे लिहिलेले असते.

उदाहरण घेऊ. दुसरीकडून आणलेला मजकूर त्याच्या मूळ रंगरूपाशिवाय ठेवण्याचे काम प्रकल्पलेखनात सतत करावे लागते. रायटरमध्ये त्यासाठी कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि व्ही अशा चार कळा एकदम दाबाव्या लागतात. सहावीच्या मुलाच्या बोटांना हे जड आहे. यादीत मोकळी दिसणारी एखादी फंक्शन कळ शिफ्टसह या कामाला दिली, तर दोन कळांत काम होते.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘कस्टमाइझ रिबन’ असे गेल्यावर तळाशी कीबोर्ड शॉर्टकटसाठीचे बटण आहे. तेथे नवी जोडी दाबताच ती आधी कोणत्या कामाला दिलेली आहे, हे लगेच दिसते. ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. बदल याच दस्तऐवजात ठेवायचा की सर्व दस्तऐवजांच्या मूळ नमुन्यात, हेही तेथेच विचारले जाते. ही तिसरी पातळी होय.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. विंडोजमध्ये उजवीकडील आल्ट कळ अनेक कळफलकांवर कंट्रोल + आल्ट अशी मानली जाते. २०१० मध्ये स्वीकारलेले रुपयाचे ₹ हे चिन्ह भारतीय इंग्रजी कळफलकावर उजवी आल्ट आणि ४ यांनी उमटते. कोणी वर्डमध्ये कंट्रोल + आल्ट + ४ ही जोडी दुसऱ्या कामाला दिली, तर त्या यंत्रावर वर्डमध्ये ₹ उमटणे बंद होईल आणि हिशेब टंकणाऱ्याला कारण कळणार नाही.

५. ऱ आणि ॲ : दिसते एक, असते दुसरे

शॉर्टकट बदलण्याचा मराठीला सर्वांत मोठा उपयोग कोठे आहे, असे विचारल्यास मी या दोन अक्षरांकडे बोट दाखवीन. ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘ऱ्हस्व’ या शब्दांतील र हा मराठीचा विशेष आहे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’ दाबल्यास ‘ऱ’ मिळतो; त्यानंतर हलन्त आणि पुढचे अक्षर. मात्र साधा र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह वापरूनही तोच आकार उमटवता येतो. ‘ॲ’चेही तसेच. युनिकोडमध्ये २००८ पासून त्याला स्वतंत्र स्थान आहे. पण काही कळफलकांवर तो थेट मिळत नसल्याने लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देतात.

वाचणाऱ्याला फरक दिसत नाही. संगणकाला दिसतो. हजेरीपटात ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव एका पद्धतीने टंकलेले असेल आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने टंकले, तर यंत्र सांगेल की असा विद्यार्थी नाही. शिष्यवृत्तीच्या यादीत, दाखल्यात, गुणपत्रिकेत हाच घोटाळा झाला तर तो निस्तरण्यासाठी हेलपाटे पालकांना घालावे लागतात, आणि एका हेलपाट्याला एक दिवसाची मजुरी बुडते. नाव नीट टंकणे ही म्हणून केवळ टापटिपीची बाब राहत नाही.

उपाय सोपा आहे. वर्ड आणि रायटर या दोहोंत इंग्रजी अंक चालू ठेवून ०९३१ टंकावे आणि आल्ट + एक्स दाबावे. त्या जागी ‘ऱ’ येतो. ०९७२ ने ‘ॲ’ येतो. वर्डमध्ये ‘इन्सर्ट’, ‘सिम्बॉल’, ‘मोअर सिम्बॉल्स’ येथे हे अक्षर निवडून त्याला कायमची कळजोडी देता येते. शाळेने दोन्ही अक्षरांसाठी एकच पद्धत ठरवावी आणि ती सर्व यंत्रांवर सारखी ठेवावी.

६. सामाईक यंत्राची शिस्त

स्वतःच्या यंत्रावर कोणी कसाही बदल करावा. कक्षातील यंत्र मात्र सकाळी एकाचे, दुपारी दुसऱ्याचे असते. एकाने केलेला बदल दुसऱ्याला बिघाड वाटतो. म्हणून पुढील पाच नियम पाळावेत.

पहिला : कंट्रोलसह झेड, एक्स, सी, व्ही, एस, पी आणि एफ या जोड्यांना हात लावू नये. जगातील बहुतेक यंत्रांवर त्यांचा अर्थ हाच आहे.

दुसरा : बदल करण्यापूर्वी मूळ व्यवस्था जतन करावी. लिबरऑफिसच्या त्याच चौकटीत ‘सेव्ह’ आणि ‘लोड’ ही बटणे आहेत. मूळची एक फाइल आणि बदललेली दुसरी, अशा दोन्ही ठेवल्या की परतीची वाट मोकळी राहते. बदललेली फाइल पेन ड्राइव्हने कक्षातील इतर यंत्रांवर नेता येते.

तिसरा : बदल सर्वांना विचारून करावा. वापरणाऱ्यांत सर्वांत लहान वर्गाची मुलेही असतात, त्यांचेही ऐकावे.

चौथा : बदल लिहून ठेवावा. कळ, तिचे जुने काम, नवे काम आणि दिनांक अशा चार रकान्यांचा तक्ता भिंतीवर असावा.

पाचवा : ज्याच्या हाताला अडचण आहे त्याची सोय आधी पाहावी. विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबल्यास ‘स्टिकी कीज’ चालू करण्याविषयी विचारणा होते. ती सोय घेतली की कंट्रोल, आल्ट, शिफ्ट एकाच वेळी धरून ठेवाव्या लागत नाहीत. एकामागून एक दाबल्या तरी चालतात. एका हाताने काम करणाऱ्या मुलीला यामुळे सर्व शॉर्टकट खुले होतात. विचारणा पाहून खट्याळपणे हसणाऱ्या वर्गाला तिचे प्रयोजन समजावून सांगावे.

७. परीक्षेच्या खोलीत

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही संस्था संगणक टंकलेखनाची शासकीय प्रमाणपत्र परीक्षा घेते. परीक्षा केंद्रावरचे यंत्र आपले नसते. आपण नेमलेल्या कळा तेथे नसतात आणि त्या नेमण्याची मुभाही नसते. म्हणून क्रम असा असावा : आधी सर्वत्र चालणारी मांडणी आणि मूळ शॉर्टकट बोटांत पक्के करावेत, नंतरच आपले बदल करावेत. परीक्षेपूर्वीच्या महिन्यात मूळ व्यवस्थेची फाइल पुन्हा चढवून सराव करावा. कोणता कळफलक मिळणार, हे अर्ज भरतानाच माहितीपत्रकात पाहून घ्यावे. ज्याला मूळ व्यवस्था ठाऊक आहे तोच तिच्यात विचारपूर्वक बदल करू शकतो, आणि बदल काढून घेतला तरी त्याचे अडत नाही.

स्वाध्याय

१. ‘ढाणकी’ हा शब्द इनस्क्रिप्टमध्ये टंकण्यासाठी कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबाव्या लागतात, ते वहीत लिहा. शिफ्ट किती वेळा लागली?

२. एका तासात आपण माउसने केलेल्या कामांची नोंद ठेवा. त्यांतील सर्वाधिक वेळा केलेल्या तीन कामांचे शॉर्टकट शोधा.

३. आपल्या वर्गाच्या हजेरीपटात ‘ऱ’ किंवा ‘ॲ’ असलेली नावे दोन्ही पद्धतींनी शोधून पाहा. यंत्राला किती सापडली?

४. रायटरमधील एका कामासाठी नवा शॉर्टकट सुचवा. तो कोणाला सोयीचा होईल आणि कोणाला अडचणीचा, हे पाच ओळींत लिहून वर्गासमोर मांडा. वर्गाची संमती मिळाल्यावरच तो तक्त्यात नोंदवा.